वीस घागरी पाणी

आमच्या घराची विहीर मागच्या अंगणात आहे. सिमेंटची कडी एकावर एक बसवून बांधलेली, आतून गुळगुळीत, पाय ठेवायला बोटभर खाच नाही. कठडा गुडघ्याच्या जरा वर. वयाच्या पन्नाशीपर्यंत मी या विहिरीला कधी भ्यालो नाही. भिण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. जे होतं ते माझ्यात होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

मी वरदराज. कुंभकोणमच्या एका विमा कचेरीत हेडक्लार्क. तंजावरच्या मराठी राजांच्या मागोमाग जी घरं इकडे आली त्यांतलं आमचं एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि गावाच्या लेखी आम्ही सगळे 'रायर'. नोकरीची सव्वीस वर्षं मी एकाच खुर्चीत काढली. त्या काळात खुर्चीचा वेत तीनदा बदलला. माझ्यात बदल म्हणाल तर फक्त पोट पुढे आलं. बायको वेदवती पोस्टात काउंटरवर, म्हणजे तीही दिवसभर बसून. सकाळी मी तिला मोपेडवर पोस्टात सोडायचो आणि पुढे कचेरीत जायचो. घरापासून मोपेडपर्यंत दहा पावलं, मोपेडपासून खुर्चीपर्यंत वीस. एवढाच आमचा व्यायाम.

त्र्याऐंशी साली विहिरीवर मोटार बसली. गॅस त्याआधीच आला होता. मग इडलीचं पीठ वाटायला विजेचा ग्राइंडर आला आणि दगडी रगडा पडवीच्या कोपऱ्यात गेला. मोटारीचं बटण पहिल्यांदा दाबलं, छपरावरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा वेदवतीने दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. दोर ओढून ओढून पडलेले घट्टे दाखवत म्हणाली, "आतां हे जातील." वर्षभरात ते खरंच गेले. तिचे हात मऊ झाले याचा आम्हां दोघांनाही अभिमान वाटला, हे आज लिहिताना मला स्वतःचा राग येतो.

मोटारीला वर्षातून एकच दिवस सुट्टी असे, अम्माच्या, म्हणजे माझ्या आईच्या, श्राद्धाचा. मोटारीत चामड्याचा वायसर असतो, ते पाणी पितरांना चालत नाही, असा निकाल अम्मानेच दिला होता, आणि पुढच्याच वर्षी ती स्वतः पितरांत जाऊन बसली. त्यामुळे मार्गशीर्षात तिच्या तिथीला सगळं पाणी हाताने काढायचं. जी स्वयंपाक करणार तिनेच, न्हाऊन, ओल्या नऊवारीत. सोवळ्यात नसलेल्या माणसाने त्या दोराला, घागरीला, पाण्याला शिवायचं नाही. शिवलं तर रांधलेलं सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून. स्वयंपाक, ब्राह्मणांचे पाय धुणं, जमीन सारवणं धरून वीस घागरी लागत. श्राद्ध करणारा म्हणून मीही सोवळ्यात असे, पण माझं काम एवढंच, की भरलेली घागर सैपाकघराच्या दारापर्यंत नेऊन ठेवायची. खरं सांगायचं तर या वाटणीवर मी खूश होतो.

पंच्याऐंशी साली वेदवतीने वीस घागरी न थांबता काढल्या. शहाऐंशी साली बाराव्या घागरीला थांबली. सत्त्याऐंशीला नवव्याच घागरीला कपडे धुण्याच्या दगडावर जाऊन बसली आणि हात पदराखाली लपवले. हात थरथरत होते ते मला दिसलं.

"काय जालं?" मी विचारलं.

"काही नाही. थंडी."

कुंभकोणमला मार्गशीर्षात कसली आलीय थंडी. पण मी पुढे बोललो नाही. विचारलं असतं तर 'तू बस, मी काढतो' हे पुढचं वाक्य मला बोलावं लागलं असतं. दोनच महिन्यांपूर्वी गॅसची टाकी चार पावलं सरकवताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. त्याच टाकीवर मी पाव तास बसून राहिलो होतो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी आम्हांला पाहणारं आणखी एक माणूस होतं. शेजारचे एकोजी. शाळेत ड्रिल मास्तर होते, तेव्हा निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झालेली. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात चाकरीला होते. तो मान गेला, पण लाकडाचे दोन जाडजूड मुद्गल घरात राहिले. इकडे त्यांना कर्लाकट्टै म्हणतात. सत्तरी ओलांडली तरी मास्तर रोज सकाळी मागच्या अंगणात ते खांद्यामागून फिरवत. मधली भिंत छातीएवढी, त्यामुळे त्यांचा प्रत्येक हुंकार आमच्या विहिरीपर्यंत ऐकू येई.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भिंतीशी बोलावलं.

"रायरे, तीनशे चौसष्ट दिवस तुम्ही अंगास काही मागत नाही. मग एके दिवशीं एकदम वीस घागरी मागतां. तें कोठून देईल?"

"मी रोज चालतो, मास्तर," मी थाप मारली.

"चालणं बरं. पण चालून हातांत जोर येतो काय? ओझं उचलल्यावांचून अंग ओझं उचलायास शिकत नाही. पन्नाशी जाली तुमची. आतां वापराल नाही तें मांस वर्षावर्षास वितळत जाईल. आठवड्यांत तीन दिवस या. अर्धा तास. वेदवतीसही आणा."

"आम्ही काय या वयात पैलवान होणार, मास्तर?" म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत.

अठ्ठ्याऐंशी सालचं श्राद्ध आलं. माझा धाकटा भाऊ रघूत्तम आदल्या दिवशी तिरुचीहून आला होता. सकाळी पावणेदहाला तो सोवळं नेसून पुढच्या कूडात, म्हणजे बाहेरच्या दिवाणखान्यात, जप करत बसला होता. आमच्याकडची घरं समोरच्या रस्त्यापासून मागच्या गल्लीपर्यंत पसरलेली असतात. कूड आणि विहीर यांच्यामध्ये तीन खोल्या आणि एक चौक. ब्राह्मण दहाला यायचे होते. मी आणि वेदवती मागच्या अंगणात होतो. भिंतीपलीकडे मास्तरांचे मुद्गल चालू होते.

तिच्या बारा घागरी काढून झाल्या होत्या. मधे चारदा थांबली होती. "थोड्या कमी पाण्यात भागवूं या का?" असं मी म्हटलं, तर म्हणाली, "अम्मांच्या नांवानं कमी नक्को." मला बरं वाटलं. कमी पाणी काढ असं सांगितल्याचं पुण्यही पदरात पडलं आणि दोरही धरावा लागला नाही.

दोर ओढणाऱ्याला ठाऊक असतं, शेवटचा हात सगळ्यांत जड. घागर कठड्याशी आली की डाव्या हाताने दोर पेलायचा, वाकायचं आणि उजव्या हाताने घागरीचा गळा धरून तिला आत ओढायचं. तेराव्या घागरीला वेदवती वाकली आणि तिचा डावा हात सुटला. घागर सोडून दिली असती तर काहीही झालं नसतं. पण ती अम्माची पितळेची घागर होती, सोवळ्यातली. तिने ती सोडली नाही. घागर गेली आणि तिच्यामागून ती गेली.

मी धावलो. खाली पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. मग नऊवारीचा घोळ फुगून वर आला, आणि त्यात तिचं डोकं. कपाळातून रक्त येत होतं. दोन्ही हातांनी तिने घागरीचा दोर कवटाळला होता. तिला पोहता येत नाही. मलाही येत नाही. पन्नास वर्षं कावेरीच्या काठाने राहिलो आणि काठानेच राहिलो.

दोराचं दुसरं टोक खांबाला बांधलेलं होतं, पण विहिरीच्या तळापर्यंत पोचेल एवढा तो सैल होता. म्हणजे वरून कोणी धरला नाही तर तिच्यासकट तो खाली जाणार. मी दोर धरला, ताणला. तिची हनुवटी पाण्याबाहेर आली.

"रघूत्तमा," मी ओरडलो. "रघू. अरे रघू."

कोणी आलं नाही. तीन खोल्या पलीकडे त्याचा जप चालला असणार. आणि भिंतीपलीकडे, माझ्यापासून सात-आठ पावलांवर, मास्तरांचा हुंकार मला स्वच्छ ऐकू येत होता. मी त्यांना हाक मारली नाही.

का नाही मारली ते सांगतो. मास्तरांची आंघोळ झालेली नव्हती. ते घामाने निथळत असणार. त्यांनी हा दोर धरला की दोर गेला, विहीर गेली, बारा घागरी पाणी गेलं, चुलीवरचं वरण गेलं. ब्राह्मण दहा मिनिटांत दारात येणार. हे सगळं गणित मी तिथे उभा राहून, बायको विहिरीत असताना, केलं. ते चुकलं कसं नाही याचंच मला नवल वाटतं. गणितात मी नेहमीच बरा होतो.

मग मी ठरवलं की आपणच ओढू.

"घागरीवर पाय ठेव," मी खाली ओरडलो. तिने चाचपडत पाय ठेवले आणि दोराला मिठी मारली. मी ओढला. एक हात, दुसरा हात, तिसरा. खांदे बाहेर आले, कंबर बाहेर आली. नऊवारीतून धो धो पाणी गळत होतं. पाण्यात असताना ती हलकी होती. बाहेर येताच तिचं सगळं वजन माझ्या दोन हातांवर आलं. सात हात, आठ हात. अर्ध्यावर आली. मग माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत आग पेटली, मांड्या लटपटायला लागल्या, आणि मी थांबलो. वर ओढवेना. खांब दोन पावलं मागे होता. तिथपर्यंत जाऊन दोराला वेढा द्यायचा तर पाय उचलायला हवा होता, आणि पाय उचलला तर मीही जातो की काय असं वाटत होतं.

"धरा हं," ती खालून म्हणाली. ओरडली नाही. पोस्टात सुट्टे पैसे देताना म्हणावं तसं म्हणाली.

माझ्या हातांतून दोर गेला.

ती आठ हात खाली पडली. पाण्याचा आवाज झाला आणि मग काहीच आवाज होईना. मी कठडा धरून खाली पाहत होतो. पाणी हलत होतं आणि ती वर येत नव्हती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आयुष्यात मी एवढा कधी भ्यालो नव्हतो. त्या भीतीत मी दोराला पुन्हा हातसुद्धा लावला नाही. आपले हात आता आपले नाहीत असं वाटत होतं.

मग ती वर आली. खोकली. आणि तिने पहिली हाक मारली ती मला नव्हती.

"मास्तर," ती ओरडली. "मास्तर, या."

मुद्गलांचा आवाज थांबला. एकाहत्तर वर्षांचा तो माणूस भिंतीवर दोन हात टेकून अलीकडे उतरला. लंगोट, अंगाला माती, घाम. त्याने मला एक शब्द विचारला नाही. दोर धरला, एक पाय खांबाच्या बुडाला लावला, खाली बसल्यासारखा झाला आणि म्हणाला, "रायरे, मागून धरा. ओढूं नका, नुसतं धरा." तो पाठीने आणि मांड्यांनी ओढत होता, हातांनी नुसता पकडत होता. एकसारखा, न थांबता. तेवढ्यात रघूत्तम आला. क्षणभर तोंडावर हात ठेवून उभा राहिला आणि मग त्याने कठड्याशी जाऊन वहिनीला काखेत धरून बाहेर घेतलं.

मास्तर लगेच दोर सोडून दोन पावलं मागे सरले. "मी शिवलों सगळ्यास," एवढंच म्हणाले. त्या माणसाला त्या क्षणी असं म्हणावं लागलं याची लाज मला अजून पुरते.

कोणी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "दोर निसटला. ओला होता."

सगळ्यांना ते पटलं. माझे तळहात सोलवटून लाल झाले होते, ते पाहून दारात आलेले ब्राह्मणही हळहळले. सोवळं मोडलं म्हणून ते पाणी त्या दिवशी बाद झालं. रघूत्तमने कावेरीवरून पाणी आणवलं, शेजारच्या गल्लीतल्या मावशीने स्वयंपाक केला आणि चार वाजता श्राद्ध उरकलं. वेदवतीच्या कपाळाला तीन टाके पडले, बरगड्यांना मुका मार. संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली आणि माझ्या तळहातांना खोबरेल आणि हळद लावून तिने फडकं बांधलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती फडक्याकडे पाहत होती.

त्या दिवसापासून माझी खरी भीती सुरू झाली. ती जगली होती, हिंडत-फिरत होती, काउंटरवर जात होती. पण दोर कसा सुटला ते तिला ठाऊक आहे का? कचेरीत फॉर्म तपासताना मी मधेच थांबायचो आणि स्वतःच्या हातांकडे पाहत बसायचो. घरी ती ताक वाढायला आली की वाटे, आता बोलेल. ती बोलत नसे. भांडली असती तर बरं झालं असतं. आम्ही नवराबायको तसे बऱ्यापैकी भांडखोर, पण त्या महिन्यात आमचं एकदाही भांडण झालं नाही, आणि त्याने माझी झोपच उडाली.

पोंगलनंतरच्या आठवड्यात ती म्हणाली, "उद्यांपासून मास्तरांकडे जात्यें. शिकायास." वांगी महागली हे ज्या सुरात सांगते त्याच सुरात. मला चल म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागोमाग गेलो. शौर्याने नव्हे. ती हातांनी बळकट होणार आणि मी तसाच राहणार, या विचाराने मला धडकी भरली होती.

मास्तरांनी आम्हांला मुद्गलाला हातही लावू दिला नाही. त्यांनी एक बुटकं स्टूल आणलं. हात न टेकता बसायचं, उठायचं, दहादा. मी सहादा उठलो. सातव्यांदा गुडघ्यावर हात टेकला. मग भिंतीवर तळहात ठेवून छाती पुढे-मागे न्यायची. मग वाळूने निम्मी भरलेली घागर एका हातात धरून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. शेवटी पेरूच्या आडव्या फांदीला लोंबकळायचं. वेदवती नऊ आकड्यांपर्यंत लोंबकळली. मी सातपर्यंत.

"आठवड्यांत तीन वार," मास्तरांनी बजावलं. "मधले दिवस अंगास विसावा. पंधरा दिवसांनीं थोडं वाढवायचं, फार नाही. आणि कंटाळा येईल त्या दिवशींही यायचं. त्याच दिवशीं जास्ती उपयोग होतो."

कंटाळा मला तिसऱ्याच दिवशी आला. अंग असं दुखत होतं की मोपेडची किक मारताना मी कण्हलो. कचेरीत बातमी पोचली. रायर सर्कशीत जाणार म्हणून सहा महिने माझी टिंगल चालली होती. पण मी गेलो, कारण ती जात होती. चैत्रापर्यंत वाळूची घागर गळ्यापर्यंत भरली गेली. आषाढात मी गॅसची भरलेली टाकी गाडीपासून सैपाकघरापर्यंत नेली आणि कोणी बघतंय का म्हणून मागे वळून पाहिलं. गुडघे दुखायचे थांबले. पोस्टाच्या पायऱ्या वेदवती कठडा न धरता चढू लागली. मला बरं वाटायला हवं होतं.

पण पेरूची फांदी मला बरं वाटू देईना. लोंबकळताना वीस आकड्यांनंतर हातांत तीच आग पेटे, जी त्या दिवशी पेटली होती. आणि दर खेपेला मला एक गोष्ट कळत गेली, जी मला कळून घ्यायची नव्हती. हात आपोआप सुटत नाहीत. आग पेटते, बोटं ओरडायला लागतात, पण त्यानंतरही वेळ असतो. मास्तर खाली उभे राहून म्हणत, "आहे, अजून आहे," आणि खरंच असे. पाच आकडे, सात, कधी दहा. बोटं उघडायच्या आधी आतून कोणीतरी 'सोड' म्हणतं, आणि मग ती उघडतात.

म्हणजे त्या दिवशीही वेळ होता. पाच आकडे, सात आकडे. मास्तरांना हाक मारायला एक पुरतो. अंगात जोर नव्हता म्हणून मी घाबरलो आणि घाबरलो म्हणून सोडलं. माझ्या ताकदीचा शेवट होण्याआधीच सोडलं. दोर निसटला नव्हता आणि हातही थकून सुटले नव्हते. हे कळल्यावर मी फांदीवरून उतरून झाडाखाली बसलो आणि मला उलटी झाली. मास्तरांना वाटलं, उन्हाने.

एकोणनव्वदचं श्राद्ध आलं. आठ दिवस आधी मी वैदिकांना विचारून आलो: श्राद्ध करणाऱ्यानेच पाणी काढलं तर चालतं का? ते म्हणाले, न्हाऊन सोवळ्यात असलात की झालं. वेदवतीला सांगितलं, तर तिने नुसती मान हलवली.

त्या सकाळी मी ओल्या पंच्यात विहिरीशी उभा राहिलो. विहिरीत मी वर्षभर वाकून पाहिलं नव्हतं. पहिली घागर खाली सोडली आणि ती बुडाल्याचा आवाज ऐकला. ओढायला लागलो. मास्तरांनी शिकवलं तसं मांड्यांनी, पाठीने. पाच झाल्या, दहा झाल्या. तेरावी कठड्याशी आली तेव्हा मी श्वास धरला, वाकलो, गळा पकडला आणि आत घेतली. वेदवती प्रत्येक घागर उचलून आत नेत होती, एका हाताने, कमरेवर न टेकवता. विसावी वर आली तेव्हा मी घामाने भिजलो होतो, पण हात थरथरत नव्हते. मी ते तिच्यापुढे धरले. नव्याने घट्टे पडले होते.

त्या आनंदात मी नको ते बोलून बसलो.

"त्या दिवशीं एवढा जोर असता," मी म्हटलं, "तर दोर निसटलाच नसता."

तिने विसावी घागर उचलली होती ती पुन्हा खाली ठेवली.

"दोर निसटला नाही," ती म्हणाली. "मी वरच पाहत होत्यें. आधीं तुम्ही डोळे मिटलेत. मग हात सोडलेत."

 वर्षभर ज्या वाक्याला मी भीत होतो ते हे नव्हतं. हे त्याहून वाईट होतं, कारण मी डोळे मिटले होते हे माझं मलाच ठाऊक नव्हतं, आणि ती म्हणाली त्या क्षणी मला आठवलं.

"तूं वर्षभर बोलली नाहीस," कसाबसा मी म्हणालो.

"बोलून तुमचे हात बळकट जाले असते काय? मास्तरांनीं केले ते. पाहिलं मी. खरंच जाले आहेत." तिने पदराने कपाळ पुसलं. जिथे टाके पडले होते तिथे एक पांढरी रेघ आहे. "डोळे उघडे ठेवाल कीं नाही, तें मज अजून ठाऊक नाही."

ती रागाने बोलली नाही. राग असता तर मी पायांवर लोटांगण घातलं असतं आणि प्रकरण मिटवलं असतं; ते मला जमतं. ती घागर घेऊन आत गेली. मी तिथेच उभा राहिलो. कूडातून रघूत्तमचा आवाज येत होता, ब्राह्मण आले होते, त्यांना तो पाट मांडून देत होता.

थोड्या वेळाने सैपाकघरातून तिचा आवाज आला. पाय धुवायला पाणी कमी पडेल, आणखी एक घागर काढा म्हणत होती. मी घागर विहिरीत सोडली. ती भरून जड झाली तसा दोर माझ्या हातांत ताठ झाला. मी ओढायला लागलो, आणि घागर कठड्यावर येईपर्यंत मी पापणी लवू दिली नाही.